पडलेले फळ कुणाचे?

‘तेलमाड’ हा शब्द आम्हां किनाऱ्यावरच्या मुलांना जरा चमत्कारिकच वाटतो. माड म्हटला की तेल आलेच. मग ‘तेल’ हे विशेषण वेगळे लावायचे कशाला? अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी हा शब्द उच्चारला तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणाले, “म्हणजे बाकीचे माड काय पाण्याचे?” वर्ग हसला, सरही हसले. मग त्यांनी सांगितले की सरकारी कागदात तेलमाड म्हणजे पश्चिम आफ्रिकेतून आलेले एक विशिष्ट झाड. १८४८ साली त्याची चार रोपे जावा बेटावरच्या एका वनस्पती-उद्यानात लावली गेली, आणि आज इंडोनेशिया-मलेशियाच्या डोंगरांवर मैलोगणती हेच झाड उभे आहे. आपला देश खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आयातीवर भागवतो आणि त्या आयातीत सर्वांत मोठा वाटा याच झाडाच्या तेलाचा. म्हणून २०२१ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने ११,०४० कोटी रुपयांची योजना जाहीर केली आणि साडेसहा लाख हेक्टर नव्या लागवडीचे लक्ष्य ठेवले. ‘लहान शेतकऱ्याला उपजीविकेची संधी’ हे शब्द अशा योजनांच्या कागदात हमखास असतात.

हे सगळे मी वहीत उतरवून घेतले. पण माझे कुतूहल भलतीकडेच वळले. आफ्रिकेचा तेलमाड आणून लावायचा हे झाले. ज्या मुलखात स्वतःचे, त्या मातीत आपोआप उगवणारे तेलमाड आहेत, तिथल्या गरीब शेतकऱ्याचे त्यांच्यावर किती भागते? तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी हाच विषय मागून घेतला आणि शोधता शोधता ब्राझीलला पोहोचले.

पेडण्याच्या मुलीने ब्राझीलला जावे याचे कुणाला नवल वाटेल, पण गोव्याला ब्राझील तसा परका नाही. आमच्या डोंगरावरचा काजू पोर्तुगीजांनी तिथूनच आणला. ‘काजू’ हा शब्दही तिथल्या तुपी भाषेतला. आणि आपला माड? तो त्याच लोकांच्या जहाजांतून १५५३ साली केप व्हर्दमार्गे ब्राझीलच्या बाईया प्रांतात उतरला. आज तिकडचे लोक आपल्या नारळाला ‘बाईयाचा नारळ’ म्हणतात! आपण काजूला आपला म्हणतो, तसेच हे. असो.

ब्राझीलच्या ईशान्येला मारान्यांव नावाचे राज्य आहे. तिथे, आणि शेजारच्या पियाउई, तोकांतिन्स, पारा या राज्यांत, बबासू नावाचा माड रानोमाळ वाढतो. तो कुणी लावत नाही. उंच, जाड खोडाचा, वर उभ्या चवऱ्यांसारखी चुडते असलेला हा माड दिसायला देखणा आहे. पण खरे नवल आहे ते त्याच्या उगवण्यात. बी रुजले की त्याचा कोंब आधी वर न येता जमिनीत खाली जातो. वाढीचा डोळा मातीखाली सुरक्षित राहतो. त्यामुळे वरून रान जाळा, कोयत्याने छाटा, गुरे चारा, हे झाड पुन्हा डोके वर काढतेच. माणसाने जंगल तोडले की इतर झाडे जातात आणि बबासू मात्र फोफावतो. आज तिथे बबासूची जी विस्तीर्ण बने दिसतात ती पुष्कळशी अशा तोडलेल्या, जाळलेल्या, टाकून दिलेल्या शेतांवरच उभी राहिली आहेत. शेतकऱ्याच्या मागोमाग चालत आलेले झाड, असे त्याला म्हणता येईल.

तिथला लहान शेतकरी म्हणजे गुलामगिरीतून सुटलेल्यांचे वंशज, किंवा सेआरा-पियाउईकडच्या दुष्काळातून पळून आलेली कुटुंबे. तो रानाचा एक तुकडा तोडून जाळी, मोठे बबासू अंतराअंतराने राखी आणि मध्ये भात, मका, कसावा पेरी. दोन-एक वर्षांनी तुकडा बदली. आपल्याकडच्या कुमेरी शेतीसारखेच हे. भात घरात येईपर्यंतचे महिने ओढगस्तीचे. नेमक्या त्याच्या आधी, सप्टेंबरपासून पुढे, बबासूची फळे गळायला लागतात. भात नसेल तेव्हा हाताशी बबासू असतो. या फळाच्या गरातून तेल निघते, ते आपल्या खोबरेलाच्या अगदी जवळचे. तसाच साबण होतो, तशीच तळणी होते. गर वाटून दूध काढतात व माशांच्या कालवणात घालतात (हे वाचले तेव्हा मला पहिल्यांदा त्या बायका ओळखीच्या वाटल्या). सालीखालच्या भुशाचे पीठ होते, करवंटीचा कोळसा होतो, चुडतांनी घर शाकारतात. फळात कधी कधी एक लठ्ठ अळी सापडते, तीही परतून खातात. तिकडच्या बायका या झाडाला आई म्हणतात.

आता खरे काम. बबासूचे फळ मुठीएवढे, पण करवंटी अशी की दगडालाही दाद देऊ नये. आत तीन ते सहा बारीक गर, वेगवेगळ्या कप्प्यांत. ते फोडण्याचे काम पूर्वापार बायकांचे. त्यांना तिथे ‘केब्रादेइरा’ म्हणतात, म्हणजे फोडणाऱ्या. बाई जमिनीवर बसते. कुऱ्हाड पात वर करून पायाखाली घट्ट दाबून धरते. डाव्या हाताने फळ पातीवर ठेवते आणि उजव्या हातातल्या लाकडी सोट्याने वरून घाव घालते. फळ दुभंगते, पुन्हा फिरवून घाव, गर निघेपर्यंत हेच. डाव्या हाताची बोटे दर घावाला पातीपासून दोन इंचांवर!

एका माहितीपटातले हे दृश्य मी आजीला दाखवले. आजीने डोळे बारीक करून बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, “ही आडाळीर बसल्यासारकी बसल्या गो!” खरेच होते. आमच्या आडाळीची, म्हणजे विळीची, पात जशी बाईकडे तोंड करून उभी असते, तशीच ती कुऱ्हाड. पुरुषाचे हत्यार बाईने उलटे करून स्वयंपाकघरातले करून टाकले होते.

या कामाचा हिशेब असा. फळाच्या वजनात गराचा भाग सुमारे सात टक्के. म्हणजे शंभर किलो फळे वेचून, गाढवावर किंवा डोक्यावर वाहून, एकेक फोडली की सात किलो गर. त्यातून साठ टक्क्यांहून थोडे अधिक तेल, म्हणजे चार-साडेचार किलो. दिवसभर सोटा चालवून बाई पाच ते दहा किलो गर काढते. त्यांच्या संघटनेच्या मते या कामावर जगणाऱ्या बायका तीन लाखांहून अधिक आहेत.

हे आकडे मी वर्गात मांडले तेव्हा एक मित्र म्हणाला, “अगं, आफ्रिकेच्या तेलमाडाच्या शंभर किलो घडांतून वीस किलोच्या आसपास तेल निघतं. तुझ्या बबासूत अर्थ काय?” प्रश्न रास्त होता. तेलाच्या तक्त्यात बबासू हरतो, यात वाद नाही. पण तक्त्यात एक रकाना नसतो, तो वेळेचा. आफ्रिकेच्या तेलमाडाचा घड उतरवला की तो चोवीस तासांच्या आत, फार तर दोन दिवसांत, गिरणीत पोहोचावा लागतो. नाहीतर तेल आंबू लागते. म्हणजे शेतकऱ्याचा घड झाडावरून उतरला की भाव ठरवण्याची सत्ता गिरणीकडे गेली. आंध्र प्रदेशात तर १९९३ च्या कायद्याने गिरण्यांना क्षेत्रेच वाटून दिली आहेत. त्या क्षेत्रातला घड त्याच गिरणीला. सरकारी भावाचे सूत्र असते, हे खरे; पण शेतकऱ्याला ‘आज देत नाही, परवा देईन’ म्हणता येत नाही. बबासूचे फळ त्या टणक करवंटीत महिनोन्‌महिने टिकते. बाईला आज ताप आहे, उद्या फोडील. भाव पडला आहे, पुढच्या आठवड्यात फोडील. ज्या करवंटीला सगळे यंत्रवाले शिव्या देतात, तीच गरिबाची तिजोरी. आपल्या नारळाचेही तसेच नाही का? माडाखाली रचून ठेवलेला ढीग म्हणजे घरातली शिल्लक.

मात्र या तिजोरीला एक अट आहे. झाडापर्यंत जाता आले पाहिजे.

मारान्यांवमधले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या ज्या जमिनीवर राहत होते तिचे कागद त्यांच्याकडे नव्हते. सरकारी पड समजून ते कसत होते. १९६९ साली त्या राज्याने जमिनीचा नवा कायदा केला आणि सरकारी जमिनी मोठ्या धनिकांना व कंपन्यांना विकत घेण्याची वाट मोकळी झाली. सवलतीची कर्जे मिळाली, जंगले साफ झाली, गवत पेरले, गुरे आली आणि गुरांबरोबर काटेरी तार आली. माणसे एका रात्रीत उपरी झाली. बने होती तिथेच राहिली, फळे गळत राहिली, पण तारेच्या आत. बायकांनी तेव्हा दोन शब्द वापरले, ते मला या साऱ्या अभ्यासात सर्वांत अर्थपूर्ण वाटतात: तारेआडचा तो ‘कैदेतला नारळ’ आणि मोकळ्या रानातला तो ‘सुटलेला नारळ’. कैदेतला नारळ वेचायचा तर मालकाची परवानगी; परवानगीची किंमत म्हणजे फोडलेल्या गरातला अर्धा वाटा; उरलेला अर्धा मालकाच्याच दुकानात, त्याच्याच भावाने, मीठ-साखरेच्या बदल्यात. काही ठिकाणी तेही नाही. माड तोडले, विष घालून मारले, बायकांना पहारेकऱ्यांनी हाकलले.

हे वाचून झाल्यावर मी आजीला विचारले, “तुमच्या वेळी पडलेला नारळ कुणाचा असायचा?”

आजी भाटकाराच्या बागायतीत मुंडकार म्हणून लग्न होऊन आली. घर त्याच्या जमिनीत, भोवती त्याचे माड. पाडेली यायचे, नारळ पाडायचे, बायकांनी ते गोळा करून रास घालायची, मोजणी व्हायची. मध्ये कधी रात्री वाऱ्याने एखादा धप्पकन पडला तर सकाळी उचलून भाटकाराच्या घरी पोहोचवायचा. आजी म्हणाली, “पडलो म्हणान आपलो जायना गो. माड भाटकाराचो, नारळ भाटकाराचो. वारो तेवडो देवाचो.” आणि मग जरा थांबून, “चुडत मात्र आमचां.” चुडते विणून झाप करायचे, हिरांचे खराटे करून बाजारात न्यायचे, सोडणे चुलीला. नारळ सोडून सारा माड आमचा होता, असे म्हणायचे!

१९७५ साली गोव्यात मुंडकारांना घरातून हुसकावण्यापासून संरक्षण देणारा कायदा झाला. राहते घर आणि त्याभोवतीची थोडी जमीन, पंचायत हद्दीत ३०० चौरस मीटरपर्यंत, विकत घेण्याचा हक्क त्याने मिळाला. आमच्या घराचा निकाल लागायला पुढे बरीच वर्षे गेली. तो सर्व इतिहास इथे सांगत नाही. त्या ३०० मीटरांत तीन माड आले. त्यांतला एक आता वांझ आहे. पण घरात कुणी पाहुणा आला की आजोबा त्याला आधी ते तीन माड दाखवायला न्यायचे, घर मागाहून. मला लहानपणी याचे हसू यायचे.

ब्राझीलच्या बायकांची मागणी मात्र आमच्यापेक्षा निराळी, आणि मला वाटते अधिक धीट होती. जमिनीसाठीही त्या लढल्याच. मेआरीं नदीच्या खोऱ्यात १९८० च्या दशकात गावागावांत रक्त सांडले; तोकांतिन्सकडे शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिलेले पाद्री जोझिमो तावारेस यांना १९८६ च्या मे महिन्यात इंपेराट्रीझ गावी गोळ्या घालून मारले. काही कुटुंबांना वसाहती मिळाल्या. पण सगळ्यांना जमीन मिळणार नाही हे उघड होते. तेव्हा बायका म्हणाल्या, जमीन तुमची असू द्या. माड कुणी लावला नाही, तो सर्वांचा. आम्हांला आत येऊ द्या, पडलेले फळ वेचू द्या आणि माड तोडू नका. १९९१ पासून चार राज्यांतल्या फोडणाऱ्या बायकांनी एक होऊन ही मागणी लावून धरली. १९९७ साली लागो दो जुंको नावाच्या एका लहानशा नगरपालिकेने तसा कायदा केला: खाजगी जमिनीतही बबासू वेचण्यास मोकळीक. त्याला ‘मुक्त बबासू’ कायदा म्हणतात. मग इतर नगरपालिका आल्या. २००८ साली तोकांतिन्स राज्याने कायदा केला. रायमुंडा गोमिस दा सिल्वा ही या चळवळीतली एक नामांकित बाई, स्वतः फोडणारी; ती २०१८ साली वारली.

मालकी आणि वेचण्याचा हक्क या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, हे आमच्या पाठ्यपुस्तकात एका परिच्छेदात येते आणि परीक्षेला दोन गुणांना विचारतात. त्यासाठी कुणी तारेखाली सरपटत गेले असेल हे तिथे कळत नाही.

लागो दो जुंकोच्या शेतकऱ्यांनी त्याआधीच, १९९१ मध्ये, आपली सहकारी संस्था काढली होती. तिने गावोगाव दुकाने उघडली. बाई गर घेऊन येते, वजन करून भाव घेते, हवे तर सामान नेते. मालकाच्या दुकानाची हीच पद्धत; फक्त तराजू आपला. संस्थेने तेलाची गिरणी घातली आणि १९९० च्या दशकापासून तिचे तेल इंग्लंडमधल्या सौंदर्यप्रसाधनांच्या एका मोठ्या कंपनीला जाऊ लागले. चांगला भाव मिळाला. पण सगळ्या मारान्यांवचा गर काही लंडनच्या साबणात मावत नाही. बाकीच्यांना बाजार होता तो देशातल्या साबण व तेलाच्या कारखान्यांचा, आणि १९९० च्या सुमारास आयातकर उतरल्यावर तिथे आशियातले स्वस्त पामगराचे तेल घुसले. म्हणजे फिरून तोच आफ्रिकेचा तेलमाड! ब्राझील सरकार पुढे बबासूच्या गराला किमान हमीभाव देऊ लागले, त्याचा आधार आहे. तो भाव प्रत्येक बाईपर्यंत पोहोचतोच असे नाही.

एक नवा पेच म्हणजे अख्ख्या फळाची खरेदी. कोळशासाठी, कारखान्यांच्या भट्ट्यांसाठी व्यापारी न फोडलेले फळच गोणीने नेतात. वरवर पाहता हे बरेच वाटते. फोडण्याचे कष्ट वाचले. पण अख्ख्या फळाला मिळते ते केवळ वेचण्याचे मोल. गर, पीठ, दूध, चुलीचा कोळसा, हे सारे एका गोणीबरोबर घराबाहेर जाते, आणि वेचायला पुरुषाची गाडी बाईच्या टोपलीच्या आधी पोहोचते. म्हणून संघटना अख्ख्या फळाच्या विक्रीला विरोध करते. यंत्रेही पुष्कळ निघाली. सरसकट यंत्राला नाही म्हणावे असे मला वाटत नाही. साठ वर्षांची बाई पाय दुमडून आठ तास सोटा मारते यात काव्य शोधणारे लेख मी वाचले आहेत, ते तिच्या गुडघ्यांना विचारून लिहिलेले नाहीत. तिथल्या मुलींना हे काम नको आहे, यातही काही पाप नाही. फक्त यंत्र आले तर ते कुणाच्या अंगणात बसते, एवढे पाहिले पाहिजे.

सध्या ब्राझीलमध्ये मकाउबा नावाच्या दुसऱ्या देशी माडाची चर्चा आहे. तो काटेरी, पण तेलाला बबासूपेक्षा पुष्कळ उदार. गुरांच्या कुरणातही वाढतो, म्हणून जंगल न तोडता तेल मिळेल असे सांगतात, आणि विमानांच्या इंधनासाठी त्याच्या मोठाल्या लागवडी सुरू झाल्या आहेत. मिनास जेराइस राज्यात लहान शेतकरी तो रानातून वेचतातच. लागवड झाली की वेचणे थांबेल आणि मजुरी सुरू होईल, की शेतकऱ्याच्या बांधावरच चार झाडे लागतील? सरांनी मला या मुद्द्यावर ‘अधिक वाचा’ असा शेरा दिला आहे.

प्रकल्प बांधून झाला त्या संध्याकाळी मी आजीला लागो दो जुंकोच्या कायद्याची गोष्ट सांगितली. जमीन मालकाची, तार मालकाची, तरी बाई आत जाऊन नारळ वेचते आणि कुणी अडवायचे नाही. आजीला ते पटायला वेळ लागला. तिने दोनदा विचारले, “आनि भाटकार गप रवता?” मी म्हटले, कायदा आहे तिथे पुष्कळसा राहतो. मग ती म्हणाली, “पुण तीं भितर वतां खंयच्यान? कुंपणाक दार केलां?”

काही मालकांनी दार ठेवले आहे. बाकी ठिकाणी एक बाई तार उचलून धरते, दुसरी टोपली आत सरकवते, मग स्वतः खालून जाते. काही कुंपणांत आता वीज सोडलेली असते.